पेन्शनबाई, भिंतीपलीकडेही जात जा

श्रीमती पेन्शनबाई यांच्या सेवेशी,
मुक्काम कोषागार, जिल्ह्याचं ठिकाण.

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आईचा हयातीचा दाखला परवा एकदाचा झाला. तुम्ही काळजीत असाल असं नाही (काळजी असती तर दर नोव्हेंबरात म्हाताऱ्या माणसांना 'जिवंत आहात का' हे विचारायला बँकेत बोलावलं नसतं), तरी कळवते. आई जिवंत आहे. वय ८१. गुडघे कुरकुरतात, कान अर्धे, जीभ शाबूत.

यंदा तिचा अंगठा उमटेना. उजवा झाला, डावा झाला, मग एकेक बोट. ओल्या फडक्यानं पुसून झालं, शेजारच्या रांगेतल्या एका बाईंनी पिशवीतून खोबरेल काढून दिलं, तेही चोळून झालं. साठ वर्षं भाकरी थापलेल्या हाताला रेषा राहतात कुठं? शेवटी तिथल्या पोरानं मोबाइल काढला आणि म्हणाला, "आजी, इकडं बघा, डोळे मिटा आणि उघडा." आईनं डोळे मिटले ते देवापुढं मिटतात तसे, आणि उघडेचना. तिला वाटलं, आता काहीतरी होईल. चौथ्या खेपेला यंत्राची खात्री पटली. "झालं आजी, आता वर्षभर बघायला नको," असं म्हणून त्या पोरानं हळू आवाजात विचारलं, "किती येते हो?"

आईनं आकडा सांगितला. तिचा हळू आवाज अख्ख्या बँकेला ऐकू जातो. पोरगा चोवीस-पंचवीसचा, एजन्सीमार्फत ठेवलेला, गळ्यात बँकेचं नव्हे तर एजन्सीचं ओळखपत्र. हसून म्हणाला, "माझ्यापेक्षा साडेतीन हजार जास्त की!" आणि त्यानं पुढचा नंबर पुकारला.

मला हसू आलं नाही. त्याच रात्री हे पत्र लिहायला घेतलं.

तसा आपला परिचय जुना. अण्णा तुम्हाला 'माझा कमावता मुलगा' म्हणायचे, तेही भाऊ शेजारी बसलेला असताना, पासबुकावर थाप मारून. भावाचा दोन एकर ऊस, बिल कधी निघेल ते कारखान्याला ठाऊक. तो बिचारा खाली मान घालायचा. मी मात्र तुम्हाला बाईमाणूसच समजत आले. मराठीत 'ती पेन्शन' आहे म्हणून, आणि महिन्याच्या महिन्याला येऊन, सगळ्यांच्या हातावर काहीबाही ठेवून, कुणाला उलटून न बोलता जाणारं माणूस आमच्या घरातल्या पुरुषांत कुणी नव्हतं म्हणूनही.

अण्णा १९६४ साली प्राथमिक शाळेत लागले आणि ३० जून २००० ला हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. ३६ वर्षं नोकरी. त्यानंतर तुम्ही आमच्याकडे आलात त्याला यंदा २५ वर्षं झाली. १९ अण्णांबरोबर, पुढची सहा आईबरोबर. तुमच्या येण्यानं घरात पाच पाकिटं झाली. दूध, औषधं, लग्नकार्यं, नातवंडं, आणि पाचव्यावर नुसतंच 'इतर'. 'इतर'मधून अण्णा कोल्हापूरला गेले की एकट्यानं मिसळ खायचे, हे आम्हाला ते गेल्यावर त्यांच्या मित्राकडून कळलं. आईला अजून त्याचा राग आहे. खाल्ल्याचा नव्हे, एकट्यानं खाल्ल्याचा.

आणि हो, अण्णांनी तुम्हाला विकलंही होतं. सरकारी कागदात त्याला 'अंशराशीकरण' म्हणतात, शिक्षकांत सरळ विचारतात, "पेन्शन विकली का?" जशी काही तुम्ही दावणीची म्हैस. विकलेल्या हिश्श्याचे पैसे आणि उपदान मिळून माझं लग्न झालं, घराला स्लॅब पडला आणि भावासाठी बोअर मारली, जिला पाणी लागलं नाही. विकलेला हिस्सा १५ वर्षांनी परत मिळतो. अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीवर 'जुलै २०१५' लिहून ठेवलं होतं आणि दर जानेवारीला ते नव्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घ्यायचे. चौदा कॅलेंडरं झाली. पंधराव्या वर्षी पासबुकात वाढीव आकडा उठला तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. लोकांना वाटलं, नातवाचा कुठंतरी नंबर लागला.

अण्णा गेल्यावर तुम्ही निम्म्या पगाराच्या होतात त्या तीस टक्क्यांवर आलात. तरी आलात. आई म्हणते, "माणूस गेलं, पण त्याचं नाव दर महिन्याला येतं." वास्तविक तिनंही पन्नास वर्षं त्या घरात, शेतात, गोठ्यात नोकरीच केली. त्या नोकरीची पेन्शन मात्र अण्णांच्या नावानं येते. असो. ते गाऱ्हाणं तिचं आहे, ती स्वतः लिहील तेव्हा लिहील.

माझं गाऱ्हाणं वेगळं. तुम्ही माझ्याकडे आला नाहीत.

३१ ऑक्टोबर २००५ ला शासन निर्णय निघाला की, दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ पासून, जे लागतील त्यांच्याकडे तुम्ही जाणार नाही. त्यांच्यासाठी परिभाषित अंशदान योजना. केंद्रानं हेच १ जानेवारी २००४ पासून करून टाकलं होतं. मी २००६ च्या पावसाळ्यात शिक्षणसेवक म्हणून लागले. मानधन महिना ३,००० रुपये, तीन वर्षं. त्या वर्षी अण्णांची पेन्शन माझ्या मानधनापेक्षा जास्त होती. घरातलं निवृत्त माणूस कमावतं होतं, आणि रोज आठ किलोमीटर सायकल मारून शाळेत जाणारी मी सेवक होते. शिक्षणसेवक हा शब्द ज्यानं काढला त्याला एकदा भेटायचं आहे.

अण्णा दर १७ डिसेंबरला पेन्शनर दिनाच्या कार्यक्रमाला जायचे. शाल, नारळ, आणि अध्यक्षांचं लांबलचक भाषण. १९८२ साली त्या तारखेला सुप्रीम कोर्टानं नकारा खटल्याचा निकाल दिला. डी. एस. नकारा संरक्षण मंत्रालयातले वित्तीय सल्लागार, १९७२ साली निवृत्त झालेले. पुढं सरकारनं पेन्शनचं सूत्र सुधारलं, पण ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना त्यातून वगळलं. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठानं ती तारीख पुसून टाकली आणि सांगितलं की पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा तो राखून ठेवलेला मोबदला आहे. अण्णांना हे हरिपाठासारखं पाठ. "नाव नकारा, पण मिळवला होकार," हा त्यांचा ठरलेला विनोद, दर वर्षी नव्यानं सांगायचे.

मी एकदा विचारलं, "अण्णा, तुमच्या लोकांची तारीख कोर्टानं पुसली. माझी कोण पुसणार?" म्हणाले, "तो वेगळा मुद्दा आहे." जन्मभर मास्तर होते, अडचणीच्या प्रश्नाला 'ते पुढच्या इयत्तेत आहे' म्हणायची सवय.

तर पेन्शनबाई, माझ्या मूळ पगारातून आणि महागाई भत्त्यातून १० टक्के कापले जातात, सरकार आपले १४ टक्के घालतं, आणि ते पैसे बाजारात जातात. निवृत्तीच्या दिवशी ६० टक्के माझ्या हातात आणि ४० टक्क्यांची वार्षिकी घ्यायची. ती महिना किती पडेल हे त्या दिवशीचा बाजार सांगणार. पहिल्या काही वर्षांत कापलेले पैसे नेमके कुठं जमा झाले, याची चिठ्ठी हातात पडायला मला अनेक हेलपाटे घालावे लागले. अण्णांचं काही कापत नव्हते आणि त्यांना आकडा माहीत होता. माझं कापतात, आणि मला आकडा माहीत नाही.

म्हणून १४ मार्च २०२३ ला आम्ही संपावर गेलो. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' लिहिलेल्या टोप्या, ऊन मी म्हणत होतं, पाण्याचे जार संपत होते. माझा आवाज चौथीच्या वर्गात कमावलेला, त्यामुळे घोषणा द्यायला मला पुढं उभं केलं. त्याआधीच्या डिसेंबरात देवेंद्र फडणवीसांनी नागपूरच्या अधिवेशनात सांगितलं होतं की जुनी योजना परत आणली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. आम्ही त्यावरही घोषणा केली होती. यमक जुळत नव्हतं, पण जोर होता.

आणि त्याच आठवड्यात कोल्हापुरात दुसरा मोर्चा निघाला. बेरोजगार पोरांचा. जुनी पेन्शन देऊ नका म्हणून. त्यात माझा भाचा होता.

त्या रात्री मी माहेरी होते. भाकरी आणि वरण्याची आमटी. मी घसा बसलेली, तो उन्हानं लाल झालेला.

"आत्या, तू घसा फोडून मागतीस, ते देणार कोण? मीच की."

"तू अजून कमवत नाहीस. तू कुठनं देणार?"

"रिचार्ज मारतो की. त्यावर अठरा टक्के. बिस्किटाचा पुडा घेतला तरी टॅक्स. सरकारला मी बेरोजगार दिसत नाही, गिऱ्हाईक दिसतो."

"अरे, मी सतरा वर्षं शिकवतेय..."

"आम्ही निम्म्या पगारात शिकवतो. पेन्शन पण नको. घेतंय का कोण?"

आईचा कान तेव्हा बरा होता. तिनं पातेलं जरा जोरात खाली ठेवलं आणि म्हणाली, "दोघंबी जेवा आधी. हा सिलिंडर कुणाच्या पैशाचा हाय?"

दोघंही गप्प जेवलो. कारण सिलिंडर तुमच्या पैशाचा होता, बाई. भाच्याच्या कोल्हापुरातल्या खोलीचं भाडं तुमच्याच पैशाचं, अभ्यासिकेची फी तुमचीच, खानावळही. तुमच्या विरोधात मोर्चाला जायला त्यानं एसटीचं तिकीट काढलं, तेही 'नातवंडं' लिहिलेल्या पाकिटातून. आणि तुमच्यासाठी घसा फोडून आलेली मी ज्या स्लॅबखाली बसले होते, तोही तुम्हाला विकूनच पडलेला. भांडायला दोन्ही बाजूंना तुम्हीच पोसलेली माणसं. एवढं सुख फार कमी बायकांच्या नशिबी येतं.

भाच्याचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. गणित शिकवते मी. शिल्लक राहिली की टोचते.

अण्णांच्या नावानं ३६ वर्षांत कुठल्याही डब्यात कुणी पैसे टाकले नव्हते. डबाच नव्हता. त्या त्या वर्षी जी पोरं कमावतात, खातात, खरेदी करतात, त्यांच्या करातून त्या त्या वर्षीच्या म्हाताऱ्यांचं भागवायचं, ही तुमची पद्धत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या जनगणनेच्या सुमाराला या देशात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं (बालमृत्यूंमुळे तो आकडा खाली ओढला गेला होता हे मला ठाऊक आहे, तरी), आज ते सत्तरच्या घरात आहे. निवृत्तीनंतर तुम्हाला पंचवीस वर्षं घरी ठेवून घेणारं कुटुंब तेव्हा विरळा असणार. आता ते आमचंच आहे, शेजारच्या गल्लीतल्या तलाठ्याचं आहे, कोपऱ्यावरच्या ग्रामसेवकाचं आहे. म्हातारी माणसं जगली, हे तर चांगलंच झालं. पण त्यांच्या जगण्याचा खर्च ज्यांच्यावर टाकला, त्या पोरांना तुम्ही कधी विचारलं नाही. विचारायला ती जन्मलीच नव्हती म्हणा.

तरी भाचा हरला असं मला त्या रात्री वाटलं होतं, कारण त्याच्याकडे आजी होती. सरकारच्या तिजोरीत तुम्ही पोरांकडून म्हाताऱ्यांकडे जाता. आमच्या स्वयंपाकघरात आईच्या हातून परत पोरांकडे येता. फिटंफाट. पण ही फिटंफाट आमच्या भिंतीपर्यंतच.

भिंतीला भिंत लागून मावशी राहतात. नात्याच्या नाहीत, पण लहानपणापासून मावशीच. वय ७०. माहेर माणदेशातलं, १९७२ च्या दुष्काळात, सतराव्या वर्षी, सरकारी कामावर खडी फोडलेली. लग्न होऊन आमच्याकडे आल्या आणि लोकांच्या शेतात राबल्या, आमच्याही. अण्णांच्या शाळेला नवीन दोन खोल्या बांधल्या तेव्हा विटा डोक्यावरून वाहायला त्या होत्या. अण्णा त्या खोल्यांत बसून निवृत्त झाले आणि तुमचे झाले. मावशी मात्र निवृत्त झाल्याच नाहीत. कामाला बोलावणं बंद झालं एवढंच.

त्यांना श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये मिळतात. २०२३ पर्यंत १,००० मिळायचे. येतात तेव्हा येतात. मध्ये दोन-तीन महिने येत नाहीत आणि मग एकदम येतात. त्यांचा नातू आणि माझा भाचा एका वर्गातले. दोघांनाही चौथीला मीच शिकवलं. स्कॉलरशिप परीक्षेत नातवाला भाच्यापेक्षा सहा गुण जास्त होते. भाचा हे अजून मान्य करत नाही. दोघं कोल्हापूरच्या एकाच अभ्यासिकेत बसायचे. नातू आठ महिने बसला. मग मावशी म्हणाल्या, "बाई, आता न्हाई जमत," आणि तो गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागला. भाचा २७ वर्षांचा झाला तरी अजून परीक्षा देतोय. वय शिल्लक आहे, आणि आजी आहे. बाई, दोघांत फरक हुशारीचा नाही. भिंतीच्या अलीकडे तुम्ही येता आणि पलीकडे येत नाही, एवढाच फरक आहे.

म्हणून 'म्हाताऱ्यांनी तरुणांचं खाल्लं' असं कुणी म्हणालं की मी त्याला मावशींकडे चहाला नेईन. ती म्हातारी कुणाचं खाते? आणि 'आजची पोरं आळशी' म्हणणाऱ्यांना बँकेतल्या त्या एजन्सीवाल्या पोराच्या रांगेत उभं करीन. मावशींचा नातू बिस्किटाच्या पुड्यावर जो कर भरतो, त्यातून आईची पेन्शन जाते आणि आईच्या पेन्शनमधून माझ्या भाच्याची फी जाते. म्हणजे मावशींच्या नातवानं स्वतःची अभ्यासिका सोडून माझ्या भाच्याची चालू ठेवली आहे. हे त्याला माहीत नाही. मी सांगणार नाही.

सासरच्या बाजूचं एकदा लिहून टाकते. सासरे सहकारी सूतगिरणीत होते. त्यांना ईपीएस-९५ चे महिना १,७४० रुपये येतात. पहिल्या महिन्यात जितके आले तितकेच परवाही आले. महागाई भत्ता नावाची वस्तू त्यात नाही. किमान हजार रुपयांची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून आहे तिथंच आहे. सासरे तुमचं नाव घेत नाहीत. 'ते ईपीएसचं' म्हणतात, पाव्हण्याच्या पाव्हण्याबद्दल बोलावं तसं.

मधल्या काळात तुमच्याकडचीही बातमी कळली. २४ ऑगस्ट २०२४ ला तुमची धाकटी बहीण जाहीर झाली, एकीकृत पेन्शन योजना. दुसऱ्याच दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळानं तिला होकार दिला. केंद्रात १ एप्रिल २०२५ पासून ती नांदायला आली. पंचवीस वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मं, दहा वर्षं झाली तर किमान दहा हजार. कपात मात्र चालूच. नाक तुमच्यासारखं आहे. स्वभाव कुणावर गेलाय ते नांदवल्यावर कळेल. शाळेत मधल्या सुट्टीत तिच्यावरून जी गणितं चालतात ती पोरांना घातली तर पालक तक्रार करतील.

आणि माझ्या शेजारच्या वर्गावरचे गुरुजी! आम्ही दोघंही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले. पण त्यांच्या भरतीची जाहिरात त्या तारखेच्या आधीची निघाली, आणि फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानं अशांना तुमचा पर्याय दिला. माझाच पगार, माझाच अभ्यासक्रम, माझ्याच थर्मासमधला चहा, आणि एका जाहिरातीच्या तारखेवरून तो माणूस तुमचा जावई झाला. त्यांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

आता मागणं. खोटं कशाला बोलू, मला तुम्ही हव्या आहात. २०३८ साली मी ५८ ची होईन आणि घरी बसेन. तेव्हा महिन्याच्या महिन्याला आकडा माहीत असलेलं काहीतरी यावं, बाजाराकडे तोंड करून बसावं लागू नये, एवढं मला वाटतं. त्यासाठी उद्या पुन्हा टोपी घालावी लागली तर घालीन. अण्णांची मुलगी आहे.

पण त्या टोपीवर मला आणखी काही लिहायचं आहे, आणि जागा पुरत नाही म्हणून तुम्हाला पत्रानं कळवते.

आमच्याकडे याल तेव्हा थोडं अंग चोरून या. शेवटच्या पगाराचं निम्मं हे काही वेदवाक्य नाही. त्यातलं थोडं मी सोडीन, ते भिंतीपलीकडे जाणार असेल तर. हे मी शिक्षकांच्या खोलीत एकदा बोलून पाहिलं. एक बाई म्हणाल्या, "तुला नको असेल तर तुझं सोड, आमचं कशाला सोडतीस?" दुसऱ्यांनी तर 'फितूर' म्हणून टाकलं आणि दोन दिवस डबा उघडताना पाठ फिरवली. त्यांचंही चुकलं नाही. सोडलेलं मावशींपर्यंत पोहोचतं असा अनुभव कुणाला आहे? मधेच कुठंतरी जिरतं. म्हणून हे मी सरकारकडे न मागता तुमच्याकडे मागते आहे. तुम्ही निदान दिलेला शब्द पाळता, पाहिलंय मी.

दुसरं. आईच्या पेन्शनवर जानेवारी आणि जुलैचा महागाई भत्ता चढतो. डाळ महाग झाली हे सरकारला वर्षातून दोनदा कळतं, पण आमच्या घरापुरतं. भिंतीपलीकडे तीच डाळ, तोच दुकानदार, आणि तिथं महागाई नाही असं सरकारचं मत दिसतं. मावशींच्या दीड हजारालाही जानेवारी आणि जुलै लावा. सासऱ्यांच्या १,७४० लाही. फार मागत नाही, जी टक्केवारी आईला, तीच.

तिसरं पोरांचं. ६ सप्टेंबर २०२३ ला सरकारी कामासाठी बाहेरच्या एजन्सींकडून माणसं घ्यायचा निर्णय निघाला होता. ओरड झाली, ऑक्टोबरात मागे घेतला. तेव्हा भाचा म्हणाला होता, "बघ आत्या, तू भांडतीस तर निदान आतनं भांडतीस. आम्ही दाराबाहेर." निर्णय मागे गेला, पण ठेकेदारी काही मागे गेली नाही, गळ्यात दुसऱ्याचं ओळखपत्र अडकवलेली पोरं मला प्रत्येक ऑफिसात दिसतात. अशा पोराच्या नावानं पहिल्या पगारापासून डबा ठेवा. ठेकेदार बदलला, गाव बदललं, मध्ये सहा महिने घरी बसावं लागलं, तरी तोच डबा. आणि त्यात खरोखरचे पैसे टाका. 'पुढची पोरं भरतील' ही चिठ्ठी आता टाकू नका, कारण पुढची पोरं आमच्या वर्गात बसली आहेत आणि पट दर वर्षी कमी होतोय. मी नोकरीला लागले तेव्हा पहिलीच्या एका तुकडीत अडतीस पोरं होती. यंदा अकरा आहेत. या अकरांनी कुणाकुणाचं भरायचं, ते तुम्हीच सांगा.

आईचं तेवढं नेहमीसारखं चालू ठेवा. त्यात काही कमी करू नका, ती मला बोलेल.

अधिक काय लिहिणे. चूकभूल द्यावी घ्यावी. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली (म्हणजे अजून आपली नव्हे),
एक प्राथमिक शिक्षिका
कोल्हापूर जिल्हा, नोव्हेंबर २०२५

ता. क. : मावशींनाही दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, दीड हजारासाठी. त्यांचाही अंगठा उमटत नाही. तालुक्याला जायचं, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ पूर्ण झाली की फुकट, म्हणून त्या म्हणतात, "अजून पाच वर्षं काढते की." डोळे मिटून उघडायचे असतात, हे आईनं त्यांना भिंतीवरून ओरडून शिकवलं आहे. सोमवारची मी किरकोळ रजा टाकली आहे.